पोस्टमनचं जाणं आम्हाला पटलं नाही

मास्तरीणबाईंनी शेवटचं वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला. टेबलाभोवतीच्या चारही सुया थांबल्या. खालच्या मजल्यावरची शिलाई मशिनं तेवढी चालू होती, त्यांची घरघर फरशीतून पायांना लागत होती.

"संपलं?" आजींनी विचारलं.

"संपलं."

"म्हणजे तो गेला तो गेलाच?"

"गेलाच," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"मग मला नाही पटलं," आजी म्हणाल्या आणि हातातला शर्ट त्यांनी टेबलावर असा आपटला, जणू पोस्टमन त्या शर्टातच असावा.

शर्टांच्या कारखान्यातलं हे वरच्या मजल्यावरचं टेबल. खाली मशिनं शर्ट शिवायची आणि मशिनांना न जमणारं हाताचं काम वर यायचं: बटणं, तुरपाई, कॉलरच्या टोकांचे टाके, राहिलेसाहिले दोरे. हात गुंतलेले आणि तोंडं मोकळी, त्यामुळे पूर्वी इथं इतकी बडबड चालायची की सुपरवायझर जिना चढायच्या आधीच परत फिरायचा. मग आजींनी तोडगा काढला. एकीनं पुस्तक वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि वाचणारीच्या वाटचे शर्ट चौघींनी वाटून घ्यायचे. सुपरवायझरला शांततेशी मतलब. तो म्हणाला, "माझी हरकत नाही. पण तुमच्यातल्या एकीनं जरी तक्रार केली, तरी वाचन बंद आणि पाचही जणींच्या हातात सुई."

तेव्हापासून टेबलाच्या टोकाला उंच स्टूल आणि स्टुलावर मास्तरीणबाई. तरुणपणी त्यांनी दीड वर्ष बालवाडीत शिकवलं होतं, तेवढ्यावर हे नाव त्यांना जन्माचं चिकटलं. वाचायच्या मात्र झकास. पुस्तकात भांडण आलं की त्यांचा आवाज चढायचा, कुजबुज आली की सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागायचं. एक गोष्ट त्यांनी टेबलापाशी कुणाला सांगितली नव्हती. वर्षभरापासून त्यांच्या बोटांचे सांधे धरत चालले होते. पेन कसंबसं पेलायचं, सुई आता चिमटीत राहायची नाही. स्टूल गेलं की आपली नोकरीही गेली, हे त्यांना लख्ख माहीत होतं.

आता हे पुस्तक. नाव 'कवळीचा कावा', आणलेलं वाचनालयातून, मास्तरीणबाईंच्या कार्डावर. एका घरमालकिणीची कवळी रात्री ग्लासातून नाहीशी होते आणि सकाळी वरच्या खोलीतला विमा एजंट मेलेला सापडतो, कवळी त्याच्या खिशात. पोलीस येतात आणि कवळीच पुरावा म्हणून जप्त करून नेतात. छडा लावतो कोण, तर शेजारच्या खोलीत राहणारा निवृत्त पोस्टमन, जो माणसाचं अक्षर बघून त्याच्या पोटातलं ओळखतो. हसून हसून टेबलावरच्या बायकांच्या सुया तीन आठवडे बोटांत शिरत होत्या.

शेवटच्या पानाखाली प्रकाशकांनी छापलं होतं, की वाचकांनी आपलं मत जरूर कळवावं, निवडक मतं पुढच्या आवृत्तीत घेऊ. मास्तरीणबाईंनी तेही वाचून दाखवलं. नको होतं दाखवायला, पण सवय.

"कळवायचं," आजी म्हणाल्या. "मास्तरीण, घे कागद. मी थोरली म्हणून माझं पहिलं."

"थोरली मी आहे," थोरली म्हणाली. टेबलावर दोन जावा शेजारी शेजारी बसायच्या, त्यांतल्या मोठीला सगळे थोरली म्हणायचे आणि लहान ती धाकटी. दोघी एका घरात राहायच्या, एका बसनं यायच्या, एका गठ्ठ्यातले शर्ट घ्यायच्या, आणि आजवर एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालेलं कुणी ऐकलं नव्हतं.

"तू घरातली थोरली. मी वयानं," आजींनी निकाल दिला. "लिही. विमा एजंट मेला ते उत्तम झालं. पोस्टमन आणि घरमालकीण यांचं जे दाखवलं आहे, ते इतकं नाजूक आहे की लेखकाच्या हाताला देवानं यश द्यावं. पण पोस्टमनचं जाणं आम्हाला पटलं नाही."

मास्तरीणबाईंचं पेन 'नाजूक'वर अडखळलं.

"माझं लिहा," थोरली म्हणाली. "खुनी दातांचा डॉक्टर आहे हे मी तिसऱ्या दिवशीच ओळखलं होतं."

"तिसऱ्या दिवशी तुम्ही दूधवाला म्हणाला होता, जाऊबाई," धाकटी म्हणाली. "चौथ्या दिवशी घरमालकीण. मधे दोन दिवस तर पोस्टमनच."

"संशय सगळ्यांचाच घ्यावा लागतो. लिहा हो तुम्ही. आणि तो तिच्यासाठी खिडकीबाहेर बघत बसतो ना, तो भाग उत्तम."

चौथी रडूबाई. तिला हे नाव पडलं कारण ती पाककृतीच्या पुस्तकालाही रडली होती. ती म्हणाली, "रहस्यकथेत रडायला येत नाही म्हणतात. मला कुंपणापाशी आलं. एवढंच लिहा."

"आणि माझं असं," धाकटी म्हणाली, "की लेखकाला बायकांचं मन कळतं. पुरुष असून."

मास्तरीणबाई मान खाली घालून लिहीत होत्या आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. त्याचं कारण असं, की पुस्तकात यातलं नाजूक असं काहीसुद्धा नव्हतं. दातांचा डॉक्टर होता, विमा एजंट होता, दूधवालाही होता. पण पोस्टमन आणि घरमालकीण यांचं प्रेम सोडाच, साधं पटतही नव्हतं. लेखकानं त्यांना पहिल्या पानापासून भाड्यावरून भांडायला लावलं होतं आणि शेवटी पोस्टमन त्याच भांडणात बोचकं घेऊन बसमध्ये बसला होता.

झालं होतं असं. पुस्तक सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी दोन पानं एकदम उलटली. चिकटलेली होती, आधीच्या कुणा वाचकानं वर काहीतरी सांडलं असणार. एका पानावर पोस्टमन घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात शिरत होता आणि समोरच्या पानावर तो बाहेर पडत होता. नेमकं रंगात आलेलं वाचन. थांबून पानं सोडवत बसलं तर आजी बोलणार, आजी बोलल्या की दोघी जावा बोलणार, आणि सुपरवायझर जिन्यातच उभा. मास्तरीणबाई थांबल्या नाहीत. त्यांनी घरमालकिणीला चहा करायला लावला. तिनं दोन कप भरले, पण स्वतःचा उचलेना. कवळी पोलिसांकडे, तोंडाचं झालेलं बोळकं, परक्या माणसासमोर पिणार कशी? पोस्टमनच्या ते लक्षात आलं. तो उठला, खिडकीशी गेला आणि तिचा चहा संपेपर्यंत बाहेरचं कुंपण निरखत राहिला, जसं काही खुनी त्या कुंपणातच लपलाय.

तेवढं सांगून मास्तरीणबाई पुढच्या पानाला लागल्या. रडूबाईनं नाक ओढलं. दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसतात न बसतात तोच आजी म्हणाल्या, "खुनाचं राहू दे. तो कुंपण बघणारा आज येणार आहे का, ते सांग."

मग काय, रोज यायला लागला. मास्तरीणबाई सकाळी बसमधून येताना मनात जुळवायच्या आणि दुपारी वाचून दाखवायच्या, अर्धं लेखकाचं, अर्धं स्वतःचं. त्यांना त्यात इतका आनंद व्हायला लागला की एकदोनदा त्या उतरायचा स्टॉप विसरल्या. शेवट तेवढा त्यांनी बदलला नाही. पोस्टमनला परत आणावं असं मनात आलं होतं, पण जमलं नाही. गेलेलं माणूस परत आलेलं त्यांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं, आणि न पाहिलेलं तोंडातून निघेना.

कागद भरला. मास्तरीणबाई म्हणाल्या, सोमवारी चांगल्या अक्षरात उतरवून टाकते. सुटका झाली असं त्यांना वाटलं, तेवढ्यात धाकटीनं हात पुढे केला.

"पुस्तक द्या. उद्या रविवार आहे. ह्यांना तो कुंपणाचा भाग वाचून दाखवते. घरात मी चहा पिते तेव्हा हे माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."

"पोस्टमनही बघत नव्हता," थोरली म्हणाली. "मग तुझ्या नवऱ्यात आणि त्याच्यात फरक काय?"

"न बघण्यातसुद्धा फरक असतो, जाऊबाई."

"सोमवारी परत करायचं आहे गं," मास्तरीणबाई घाईनं म्हणाल्या.

"सोमवारीच आणते."

"पानं सुटी झाली आहेत."

"मी डिंक लावीन."

"अक्षर फार बारीक आहे."

"तुमच्यापेक्षा माझे डोळे तरणे आहेत," धाकटी हसत म्हणाली आणि पुस्तक तिच्या पिशवीत गेलंसुद्धा.

रविवारी मास्तरीणबाईंनी सकाळी खिडकीपाशी उजेडात एक जुना झंपर, सुई आणि एक बटण घेतलं. दोरा ओवायलाच सात खेपा गेल्या. मग बटण. सुई आत जायची, पण पलीकडून ओढायला बोटं मिटायची नाहीत, निसटायची. बटण लागलं तेव्हा गॅसवरची डाळ करपून गेली होती. तेवढ्या वेळात आजींनी तीन शर्ट संपवले असते. त्यांनी झंपर घडी करून ठेवला आणि उद्या काय बोलायचं ते ठरवायला बसल्या.

आधी बरंच लांबलचक ठरलं. त्यात चिकटलेली पानं होती, जिन्यातला सुपरवायझर होता. मग त्यांनी एकेक कारण वगळलं, कारण खरं बघता पाचव्या दिवसापासून पुढे कुठलंही पान चिकटलेलं नव्हतं. शेवटी उरलं ते इतकंच: चुकलं माझं, पुस्तकात नसलेलं मी वाचलं. खोट्याची त्यांना फारशी लाज वाटत नव्हती. चौघी बायका तीन महिने त्यांच्याही वाटचे शर्ट करत होत्या, पुस्तक ऐकायला मिळतं म्हणून. त्यांना आपण वेड्यात काढलं असं त्या धरून चालतील, हे मात्र त्यांना सहन होत नव्हतं. आणि कुणी रागानं सुपरवायझरकडे गेली, तर तिचं काही चुकलं असं म्हणताही येणार नव्हतं.

सोमवारी त्या सगळ्यांच्या आधी आल्या. स्टूल पुसलं, पण त्यावर बसल्या नाहीत. बाकाच्या टोकाला एक शर्ट आणि सुई घेऊन बसल्या.

"हे काय, खाली का?" आजींनी येताच विचारलं.

"बसते आज जरा."

रडूबाई आली. मग जिन्यात जावांची पावलं वाजली. रोज या दोघींचं भांडण बसस्टॉपपासून सुरू व्हायचं आणि त्या दिसायच्या आधी ऐकू यायचं. आज नुसती पावलंच ऐकू आली. त्या गप्प येत आहेत म्हटल्यावर मास्तरीणबाईंना काय ते कळलं.

धाकटीनं पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. वर वर्तमानपत्राचं नवं कव्हर घातलं होतं.

"वाचलंस?" आजी म्हणाल्या.

"वाचलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. जाऊबाईंनीही वाचलं."

"मी रात्रीचं जेवणसुद्धा पुरुषांना करायला लावलं," थोरली म्हणाली. "खारट झालं होतं."

मास्तरीणबाई उठून उभ्या राहिल्या. "मला थोडं सांगायचं आहे."

"आधी मला बोलू द्या," धाकटी म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा वरचा लागला होता. "मास्तरीणबाई, तुम्ही असं कराल असं आम्हाला वाटलं नव्हतं. आम्ही तुमच्या वाटचे शर्ट करतो ते कशासाठी? तुम्ही नीट वाचाल म्हणून ना? तीन महिने आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला."

"बरोबर आहे तुझं."

"मग शेवटचा भाग का गाळलात?"

मास्तरीणबाईंचा हात बाकाच्या पाठीवर होता तिथेच राहिला.

"काय गाळलं?" आजींनी विचारलं.

"पोस्टमन परत येतो ते," धाकटी म्हणाली. ती कानापर्यंत लाल झाली होती आणि पुस्तकाच्या कव्हरवरून नजर उचलत नव्हती.

मास्तरीणबाईंनी थोरलीकडे पाहिलं. आता ही हटकून म्हणणार, असलं काही नाही म्हणून. जन्मभर तिनं धाकटीचं एक वाक्य सरळ जाऊ दिलं नव्हतं.

"आहे ना," थोरली सुईत दोरा ओवत म्हणाली. "शेवटून दुसऱ्या पानावर. मी स्वतः वाचलं. बारीक अक्षरात आहे, नजरेतून सुटलं असेल त्यांच्या."

"अगं मास्तरीण," आजी म्हणाल्या, "एवढं मोलाचं गाळतात होय? माझे दोन दिवस वाईट गेले त्या माणसापायी."

"चुकलं माझं," मास्तरीणबाई म्हणाल्या. रविवारभर जुळवलेल्या बोलण्यातलं तेवढंच बाहेर आलं.

"चुकलं तर चुकलं. चढ वर आणि वाच."

त्या स्टुलावर चढल्या. पुस्तक उघडून त्यांनी शेवटून दुसरं पान काढलं. तिथं पोस्टमन खोलीची किल्ली घरमालकिणीच्या अंगावर फेकत होता आणि ती त्याला फुटक्या आरशाची भरपाई मागत होती. मास्तरीणबाईंनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यांना एकाच वेळी हसायला आणि रडायला येत होतं, आणि दोन्ही जागच्या जागी अडून बसलं होतं.

"मला नीट दिसत नाहीये," त्या म्हणाल्या. "धाकटे, तूच वाच."

"मी?"

"तुझे डोळे तरणे आहेत."

धाकटीनं आयुष्यात कधी कुणाला वाचून दाखवलं नव्हतं. तरी ती स्टुलावर चढली, पुस्तक दोन्ही हातांनी नाकाशी धरलं आणि घसा खाकरला. मास्तरीणबाई तिच्या जागेवर, थोरलीच्या शेजारी बसल्या.

"बस निघाली," धाकटी वाचू लागली, एकेक शब्द अंदाज घेत टाकल्यासारखा. "बस निघाली, आणि, आणि पुढच्या स्टॉपला थांबली. पोस्टमन उतरला. त्याच्या पायात, त्याच्या पायात नवे बूट होते ते चावत होते. तरी तो चालत चालत मागे आला. घरमालकीण दारातच उभी होती. कवळी घालून."

"बरं झालं," आजी म्हणाल्या.

"ती म्हणाली, काही विसरलात का? तो म्हणाला, एक पत्र पोचवायचं राहून गेलं होतं. इतकी वर्षं पिशवीच्या तळाशी होतं. ती म्हणाली, कुणाचं?"

इथं धाकटी थांबली. तिनं पानाच्या वरून खाली आणि खालून वर पाहिलं. खाली मशिनं घरघरत होती. रडूबाई सुई हवेत धरून बसली होती.

थोरली उठली, स्टुलापाशी गेली, मान वाकवून पानात डोकावली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"ओळ गाळलीस बघ," ती म्हणाली. "'माझंच,' असं लिहिलं आहे इथं."

"हो की," धाकटी म्हणाली. "माझंच, तो म्हणाला."

रडूबाईनं नाक ओढलं. आजींनी शर्ट बाजूला सारला आणि हनुवटी तळहातावर टेकली. मास्तरीणबाईंच्या मांडीवर धाकटीच्या वाटचा बिनबटणाचा शर्ट तसाच पडला होता, आणि वाचायचं नसताना पुढचं ऐकायची इतकी घाई माणसाला होत असते, हे त्यांना आजच कळत होतं.

"मग?" त्यांनी विचारलं. "तिनं घेतलं का पत्र?"

"थांबा हो, पान तर उलटू द्या," धाकटी म्हणाली.

तिनं पान उलटलं. ते शेवटचंच होतं, पलीकडे नुसता कोरा पुठ्ठा. धाकटीनं त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि ती पुढे वाचायला लागली.